कुस्तीच्या फोटोंसाठी जुनी ७०-२०० एफ २.८ लेन्स घ्यावी की एफ ४? आणि तपासायची कशी?

लालमाती:
मंडळी, सल्ला हवाय. मी कोल्हापुरात गंगावेशीत राहतो, तालमीतले आणि मैदानातले कुस्तीचे फोटो काढतो. बॉडी क्रॉप (लहान) सेन्सरची डीएसएलआर. सोबत आलेली झूम २०० मिमीला एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा मोठा तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक लहान, उजेड कमी), त्यामुळं मैदानात दिवे लागले की ढाक मारतानाचा पैलवान नुसता पुसट दिसतो. ऐन डाव हातचा जातो, जीव चुटपुटतो.

आता दोन सेकंडहँड लेन्स समोर आहेत, किंमत जवळपास सारखीच. एक जुनी ७०-२०० एफ २.८, तिला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. दुसरी ७०-२०० एफ ४, स्टॅबिलायझेशनवाली, वापरही कमी. दोन्ही वापरून बघायला देणार आहेत. काय काय बघू?

शटरवेडा:
एफ ४ घ्या दादा. एफ २.८ चं सव्वा-दीड किलोचं धूड खासबाग मैदानात शेवटच्या कुस्तीपर्यंत धरलं की हात भरून येतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, त्यानं येणारा नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो.

रंकाळाकाठ:
वजनाचं खरं आहे, पण कुस्तीला एफ २.८ च. स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं, समोरचा पैलवान थांबवत नाही. त्याला १/५०० सेकंद तरी शटर लागतं. एफ २.८ ला जिथं १/५०० मिळतं, तिथं त्याच आयएसओवर एफ ४ ला १/२५० वर यावं लागतं. घिस्सा मारताना उडालेली माती १/२५० ला रेघ होऊन येते. शिवाय बऱ्याच डीएसएलआरमध्ये मधल्या फोकस पॉइंटची जादा अचूकता एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सलाच मिळते.

पण जुनी लेन्स तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. दुकानात काउंटरवरच्या दोन फोटोंवरून काही कळत नाही. ट्रायपॉड घेऊन सकाळी रंकाळा तलावाच्या पूर्वेच्या काठावर जा. ऊन तुझ्या पाठीमागून थेट समोरच्या शालिनी पॅलेसवर पडतं. पाण्यावरची हवा तापून हलायला लागायच्या आत काम उरक.

ॲपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. पॅलेसचा मनोरा फ्रेमच्या मधोमध घे, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठा करून फोकस कर आणि मॅन्युअलवर टाक. त्यानंतर फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही. मग कॅमेरा वळवत तोच मनोरा एकेक करून चारही कोपऱ्यांत आण. ७०, १३५ आणि २०० ला हेच, प्रत्येक ठिकाणी फोकस नव्यानं लावून. घरी शंभर टक्के मोठं करून बघ. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ (पुसट) असले तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा गेलेला दिसला तर आतली काच सरकलेली आहे. लेन्स कुठंतरी पडलेली असू शकते.

दुसरं म्हणजे, एकच वस्तू एकदा लाइव्ह व्ह्यूनं आणि एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काढ. पहिला फोटो कडक (रेखीव) आणि दुसरा मऊ आला तर काचेचा दोष नाही, फोकस पुढं-मागं बसतोय. बॉडीत मायक्रो ॲडजस्टमेंट (फोकस थोडा पुढं-मागं सरकवायची सेटिंग) असेल तर ते तिथल्या तिथं सुटतं.

पेठेतला:
मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर नको. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही.

लालमाती:
जाऊन आलो. एफ ४ चारही कोपऱ्यांत स्वच्छ. एफ २.८ मध्ये बुरशी नाही, मध्यभाग झकास, पण २०० ला उजवा खालचा कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा स्पष्ट मऊ. एफ ५.६ ला बराच सुधारतो. फोकस दोन्हींचा बरोबर बसतोय.

रंकाळाकाठ:
मग त्या कोपऱ्यात तुझ्या फोटोत काय येतं ते बघ. आडव्या फ्रेममध्ये तिथं हौद्याची (आखाड्याची) माती नाहीतर पंचाचे पाय. उभ्या फ्रेममध्ये कॅमेरा ग्रिप वर करून धरतोस ना? मग तोच कोपरा उजवीकडं वर जातो, तिथं उचललेल्या पैलवानाचं डोकं येऊ शकतं. संध्याकाळी तालमीत जोर-बैठका चालू असताना पोरांचे उभे फोटो एफ २.८ वर काढून बघ. चेहरे कडक आले तर तो कोपरा दाखवून किंमत पाड आणि घे. नाही आले तर परत कर, तशीच दुसरी एफ २.८ शोधू. मीही विचारून ठेवतो.