ओव्याच्या वाफेसाठी व्हेपोरायझर घ्यावा का?

तापीकाठ, जळगाव
मी चौदा वर्षे जिनिंगमध्ये काम करीत असून, कापसाचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खोकला पाठ सोडत नाही. रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगतो, त्याने छाती मोकळी होते. टोरांटोला असलेला माझा भाचा, कोरडी वनस्पती न जाळता तापवणारा हातात मावेल असा व्हेपोरायझर आणतो म्हणतो. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर असल्यामुळे ही उपकरणे तिकडे सहज मिळतात. मला गांजाशी कर्तव्य नाही, ओवा आणि निलगिरीचे पान एवढेच घालायचे आहे. किंमत मात्र मोठी आहे, तेव्हा पारख कशी करावी?

वाघूर, भुसावळ
जर्मनीत नोकरीला असताना अशी दोन उपकरणे मी खोलून पाहिली होती. पहिली गोष्ट, उष्णता वनस्पतीपर्यंत कशी पोहोचते. स्वस्त उपकरणात ती वहनाने, म्हणजे तापलेल्या भांड्याच्या स्पर्शाने पोहोचते; त्यामुळे कडेचा थर करपतो, मधला कच्चा राहतो आणि मध्येच ढवळावे लागते. अभिसरणाच्या उपकरणात तापलेली हवा पाल्यातून जाते, म्हणून तो सारखा शेकला जातो, पण बॅटरी लवकर संपते. टुटलिंगेनच्या स्टोर्झ अँड बिकेल कंपनीच्या 'मायटी'त दोन्हींचा मेळ असून त्याचे तापमान ४० ते २१० अंश सेल्सिअसपर्यंत ठरवता येते. हवेची वाट काचेची, सिरॅमिकची किंवा स्टीलची असावी, कारण तापल्यावर वास मारणारे प्लास्टिक श्वासातच जाते.

बॅटरीबद्दल आपल्याकडे विशेष सांगायला हवे. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असे असते, आणि आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा सावलीतसुद्धा तेवढा चढतो. सेल बदलता येणारा असेल तर बरे.

आता ओव्याकडे येतो. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल २३२ अंशांना उकळतो, निलगिरीतले सिनिओल १७६ ला. उकळण्यापूर्वीच दोन्ही भरपूर उडतात, तव्यावर सुगंध सुटतो तो त्यामुळेच. पण थायमॉल झपाट्याने काढायचे म्हणून तापमान वर नेले की ओवा करपू लागतो, आणि मग धूर नको म्हणून घेतलेल्या यंत्रातून धूरच ओढला जातो. शिवाय ते तेल नळीत चिकटते आणि त्याचा वास स्पिरिटने पुसूनही लवकर जात नाही.

पांझरा, धुळे
आप्पा, यंत्राची पारख नंतर करा, आधी २०१९ चा इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदी कायदा वाचा. मी वकिली करतो म्हणून सांगतो. त्यातली व्याख्या निकोटिनपुरती नाही: निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्यासाठी वाफ तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण तीत येते, आणि पदार्थ घनरूप असला तरी चालतो. औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "यात फक्त ओवा आहे हो" हे विमानतळावर भाच्याला समजावत बसावे लागेल. आधी कोणी त्यात गांजा वापरला असेल आणि त्याचा अंश भांड्यात उरला असेल, तर १९८५ चा अमली पदार्थ कायदा वेगळा.

तापीकाठ, जळगाव
व्याख्या एवढी रुंद असेल असे वाटले नव्हते. भाच्याला नको म्हणून कळवले. पुरचुंडी चालूच ठेवतो, परंतु वाघूरभाऊ, तवा किती तापवावा?

वाघूर, भुसावळ
पुरचुंडी हाताला सोसेल एवढीच; कापडाला पिवळा डाग पडला तर जास्त तापली असे समजावे. मात्र हंगामाबरोबर येणारा आणि हंगामाबरोबर जाणारा खोकला कापसाच्या धुळीचा असू शकतो, म्हणून छातीच्या डॉक्टरांना आपले काम सांगून फुंकण्याची तपासणी करून घ्यावी, आणि ती जमल्यास सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी व नंतर अशी दोनदा करावी. एन-९५ मास्क वापरत असाल तर तो धुऊ नका, धुतल्याने त्याची गाळण्याची ताकद जाते.