'पॉज', 'सस्पेंड' आणि 'रिझ्यूम' : आभासी यंत्रासाठी मराठी शब्द

प्रश्न

आभासी यंत्रे (एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेले दुसरे संगणक) हाताळण्याविषयीच्या एका मार्गदर्शिकेचा मराठी मजकूर मी तयार करत आहे. चालते यंत्र मध्येच थांबवणे आणि नंतर चालवणे यांसाठी मी सर्वत्र 'स्थगित करणे' आणि 'पुन्हा सुरू करणे' असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्याने 'पुन्हा सुरू करणे' म्हणजे रीस्टार्ट असा अर्थ घेतला, आणि त्याचे चुकले असे मला म्हणता आले नाही. या जोडीसाठी कोणते शब्द योग्य ठरतील?

प्रतिसाद

आपल्या तपासनिसाची शंका रास्त आहे. 'पुन्हा' म्हटले की काम पहिल्यापासून होणार, असा अर्थ मनात येतो. रिझ्यूममध्ये मात्र यंत्र ज्या सूचनेवर थांबले होते तिच्या पुढच्या सूचनेपासून चालू लागते. त्याची मेमरी आणि त्यातले उघडे कार्यक्रम जसेच्या तसे असतात. त्यासाठी 'पुढे चालू करणे' हा प्रयोग मला सरस वाटतो, कारण नियतकालिकांतल्या लेखमालांमुळे 'पुढे चालू'चा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

'स्थगित'बद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'झाकलेले' असा होता. मराठीत तो निर्णय, कामकाज, खटला यांना लागतो आणि पुढे काय होणार हे अनिश्चित आहे, अशी छटा घेऊन येतो. शिवाय 'सस्पेंड' हा मूळ शब्दच एकार्थी नाही. लिनक्सवर आभासी यंत्रे हाताळणाऱ्या 'व्हर्श' या साधनाची 'व्हर्श सस्पेंड' ही आज्ञा दिल्यावर आभासी यंत्राचा प्रोसेसर थांबतो, पण त्याची मेमरी यजमान संगणकाच्या, म्हणजे ते ज्यावर चालते त्या संगणकाच्या, मेमरीतच राहते. आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सस्पेंड केल्यावर तीच मेमरी डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरवली जाते, आणि नुसत्या थांबवण्याला तिथे पॉज म्हणतात. व्हर्चुअलबॉक्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन प्रकार पॉज आणि सेव्हस्टेट या नावांनी येतात. इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द चिकटवला, तर हा गोंधळ आपण मराठीतही आणू. माझ्या मते क्रियेला नाव द्यावे: मेमरीत ठेवून थांबवणे म्हणजे 'थोपवणे', आणि डिस्कवर उतरवणे म्हणजे 'अवस्था साठवून बंद करणे'.

प्रतिसाद

'थोपवणे' मला पटत नाही. आपण हल्ला थोपवतो, पूर थोपवतो. अंगावर येणाऱ्या गोष्टीला अडवण्याचा भाव त्यात आहे, आणि बिचारे आभासी यंत्र कोणाच्या अंगावर येत नसते. मराठीने सहायक क्रियापदाने हे काम आधीच करून ठेवले आहे. 'गाडी थांबवली' एवढे म्हटल्यावर पुढचे काही कळत नाही. 'गाडी थांबवून ठेवली' म्हटले की ती उभी आहे, माणसे आत आहेत आणि ती पुढे जाणार आहे, हे आपोआप येते. म्हणून 'थांबवून ठेवणे' आणि 'पुढे चालू करणे' ही जोडी मी सुचवतो.

एक गोष्ट मार्गदर्शिकेत अवश्य यावी. लिनक्सवर केव्हीएमचे (लिनक्सच्या गाभ्यातल्या आभासी यंत्रांच्या सोयीचे) यंत्र म्हणजे क्यूईएमयू या कार्यक्रमाची एक प्रक्रिया, म्हणजे चालता कार्यक्रम, असते, त्यामुळे प्रक्रियांना संकेत पाठवणाऱ्या 'किल' या आज्ञेने तिला 'स्टॉप' हा संकेत पाठवून यंत्र थांबवता येते आणि 'कंट' या संकेताने पुढे चालवता येते. इंटेल व एएमडीच्या संगणकांवर त्यांचे क्रमांक अनुक्रमे १९ आणि १८ आहेत. 'स्टॉप' हा संकेत प्रक्रियेला नाकारता येत नाही, तसेच टाळताही येत नाही. प्रक्रिया दाखवणाऱ्या 'पीएस' या आज्ञेच्या यादीत तिच्यापुढे 'थांबलेली' या अर्थाचे 'टी' हे अक्षर दिसते, पण यंत्रांची यादी देणारी 'व्हर्श लिस्ट' ही आज्ञा तेव्हाही यंत्र चालू असल्याचेच सांगते, कारण 'व्हर्श'मागे काम करणाऱ्या लिबव्हर्ट या प्रणालीला न सांगता हे बाहेरून केलेले असते. 'चालू' या एका शब्दावर मराठीतही किती ओझे आहे, ते इथे दिसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. माझे वाक्य आता असे झाले आहे: 'किल आज्ञेने थांबवून ठेवलेले यंत्र यादीत चालू दिसले, तरी ते पडद्यावर किंवा नेटवर्कवर प्रतिसाद देणार नाही; ते पुढे चालू करण्यासाठी त्याच प्रक्रियेला कंट हा संकेत पाठवावा.'