कामाचा दिवस कॅलेंडरमध्ये आखावा की यादी पुरेशी आहे?

आखीवरेखीव (धागाकर्ता)

यादी पुरेशी नाही, असं माझं ठाम मत आहे. 'अहवाल पूर्ण करणे' आणि 'ईमेलला उत्तर देणे' या दोन ओळी यादीत सारख्याच लांबीच्या दिसतात. एकीला ४ तास लागतात, दुसरीला ४ मिनिटं. माणूस साहजिकच छोटी ओळ आधी उचलतो. संध्याकाळपर्यंत नऊ ओळींवर काट बसलेली असते आणि अहवाल जिथल्या तिथे. यादी 'काय' ते सांगते, पण ते आजच्या दिवसात मावतं का, हे सांगत नाही. ते कॅलेंडरच सांगतं.

आदल्या दिवशीची शेवटची १५ मिनिटं यासाठी ठेवा. आधी ठरलेल्या मीटिंगा टाका. मग एकच मोठं काम, सलग ९० मिनिटांचं, शक्यतो दिवसाच्या पूर्वार्धात. ईमेलसाठी दोन वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं. चौकटीत नुसतं 'अहवाल' लिहू नका, 'अहवालाच्या तिसऱ्या भागाचा कच्चा मसुदा, तक्त्यासह' असं लिहा. नाहीतर पहिली २० मिनिटं कुठून सुरू करायचं हे ठरवण्यातच जातात. आणि वेळेचा जो अंदाज मनात येईल त्याला दीडने गुणा. असलं काम मागच्या वेळी लांबलं होतं हे माहीत असूनही माणूस नवा अंदाज कमीच धरतो. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच हा नियोजनभ्रम मांडला आहे.

मोकळी चौकट

असहमत. ज्याचं कॅलेंडर त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे, त्याच्यापुरतं हे ठीक. तक्रारी घेणारे, यंत्रांची देखभाल करणारे, महिनाअखेरीचे हिशेब लावणारे यांचं निम्मं काम दुसऱ्याच्या फोनने ठरतं. ८ तासांपैकी साडेसात तास आखले आणि १०.४० ला ४० मिनिटांचं तातडीचं काम आलं, की खालची सगळी उतरंड कोसळते. मग दुपारपासून कोणी त्या कॅलेंडरकडे बघतही नाही.

यामागे गणित आहे. कामं अवचित येत असतील, त्यांना लागणारा वेळही कमीजास्त होत असेल आणि करणारा एकच असेल, तर रांगेच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार काम आल्यापासून संपेपर्यंतचा सरासरी वेळ काढता येतो: कामाचा मूळ वेळ भागिले रिकाम्या वेळेचं प्रमाण. अर्ध्या तासाचं काम घ्या. दिवस ५०% भरलेला असेल तर ते १ तासात हातावेगळं होतं. ८०% भरला तर अडीच तास, ९०% ला ५ तास आणि ९५% ला १० तास, म्हणजे दुसरा दिवस. शेवटच्या थोड्याशा भरतीतच सगळं तुंबतं. म्हणून मी तीन कामांची यादी ठेवा म्हणतो, बाकी दिवस मोकळा.

आखीवरेखीव

हे सूत्र मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. ते दिवस गच्च भरू नका म्हणतं, आखू नका असं कुठे म्हणतं? ८ तासांतले पावणेपाच तासच आखा. ४५ मिनिटांच्या दोन 'राखीव' चौकटी ठेवा, एक जेवणाआधी, एक निघण्याआधी, आणि त्यात कोणालाही मीटिंग टाकू देऊ नका. उरलेला वेळ कोराच राहू द्या. घडी मोडली तर सगळ्या चौकटी खाली सरकवायच्या नाहीत. एक काम सरळ उद्यावर टाकायचं आणि आहे त्या वेळेपासून पुढचं दोन मिनिटांत पुन्हा मांडायचं. सरकवत राहिलं की दिवसाच्या टोकाला असलेलं तेच काम रोज बळी जातं.

घड्याळी

इतकी आखणी कशाला? चिरिल्लो यांची पोमोदोरो पद्धत घ्या: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

मोकळी चौकट

@घड्याळी, बिलं तपासणं, नोंदी भरणं, टाळलं जाणारं काम एकदाचं सुरू करणं, यासाठी उत्तम. पण किचकट मसुदा किंवा प्रोग्रॅम लिहिताना सगळे धागे डोक्यात जुळेपर्यंतच १५-२० मिनिटं जातात, आणि नेमकी तेव्हा घंटा वाजते. तिथे ५० मिनिटं आणि १० मिनिटं बरी पडतात.

मध्येच उठावं लागलं तर वळण्यापूर्वी एक ओळ लिहा: कुठे थांबलो आणि पुढची पायरी काय. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातही लक्षाचा काही भाग अडवून धरतं. ती ओळ लिहिली की परतताना शोधाशोध वाचते.

फळा आणि खडू

तुम्ही दोघंही एकट्या माणसाचा दिवस बघताय. खरी गाठ हातातल्या कामांच्या संख्येत आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा: सरासरीने, हातातली कामं म्हणजे आठवड्याला संपणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारे आठवडे. गटाच्या हातात २४ कामं आहेत आणि आठवड्याला ४ संपतात, तर प्रत्येक काम सरासरी ६ आठवडे रखडणार. हातात ८ च ठेवा. वेग तोच राहिला तर २ आठवडे.

फळ्यावर तीन रकाने करा: बाकी, चालू, झालं. 'चालू'मध्ये माणशी दोनच कामं. मंजुरीसाठी अडकलेलं कामही 'चालू'तच मोजायचं. इथेच बहुतेक गट घसरतात. 'प्रतीक्षेत' असा वेगळा रकाना निघतो, अडकलेली कामं तिकडे जातात, नवी उचलली जातात आणि महिन्याभरात मर्यादा नावापुरती उरते.

मोकळी चौकट

दोन्ही कामं मंजुरीत अडकली तर माणसाने हातावर हात धरून बसायचं का? बाहेरच्या खात्यावर अवलंबून असलेल्यांना ही मर्यादा जाचक आहे.

फळा आणि खडू

बसायचं नाही, मंजुरीचा पाठपुरावा करायचा किंवा शेजाऱ्याचं चालू काम संपवायला हात लावायचा. फळ्यावर अडकलेल्या प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवर कोणाकडे अडकलंय आणि पुन्हा कधी विचारायचं, ती तारीख लिहा. तारीख नसलेली चिठ्ठी विसरलीच म्हणून समजा. मर्यादा जाचली की मंजुरी कुठे तुंबते ते सगळ्यांना दिसतं, आणि मला तेच हवं आहे.

आखीवरेखीव

@मोकळी चौकट, आपला वाद मोजून सुटेल. १० कामाचे दिवस प्रत्येक चौकटीशेजारी प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहा, आणि अवचित आलेल्या कामांचीही वेगळी बेरीज ठेवा. प्रत्यक्ष वेळ सतत अंदाजाच्या दुप्पट निघाला, तर दीडऐवजी दोनने गुणा. अवचित कामंच निम्म्याहून जास्त वेळ खात असतील, तर तिथे दिवसाची एकच ९० मिनिटांची चौकट आखा, बाकी तुमची यादी. पण ती एक चौकट मी सोडणार नाही.

मोकळी चौकट

एक चौकट मान्य, पण त्या ९० मिनिटांत फोन कोण उचलणार, त्याचं नाव आधी ठरलेलं हवं. दोघांनी आलटून पालटून, एकाने सकाळी, दुसऱ्याने दुपारी. माणूस एकटाच असेल, तर ९० ची ४५ करा.