कमेंट 'काढणे', 'हटवणे' की 'वगळणे'?

ऐरोलीकर
एका मराठी बातम्यांच्या साइटसाठी एआय एजंटला (सांगितलेलं काम आपणहून करणाऱ्या प्रोग्रामला) वापरता येतील अशी टूल्स आमच्याकडे तयार होताहेत. त्यांचं मराठी डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आहे. त्यातलं एक टूल वाचकांच्या कमेंटसाठी. मी लिहिलं, 'हे टूल दिलेल्या क्रमांकाची कमेंट काढते.' तपासणाऱ्या सहकाऱ्याने 'काढते'चं 'हटवते' केलं. फोनवर सगळीकडे 'हटवा'च असतं, म्हणे. माझ्या कानाला अतिक्रमण हटवतात, मजकूर नाही. आणि हे वर्णन माणसाच्या आधी एजंटमागचं एआय मॉडेल वाचतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे ते त्या दोन ओळींवरूनच ठरवतं. मग शब्द कोणता?

नौपाडेकरीण
'हटवणे' हिंदीच्या वाटेने आलंय, तरी मागे हटणं आपलंच आहे. पण खरी अडचण 'काढणे'त आहे. बँकेत खातं काढलं म्हणजे उघडलं. टिळक-आगरकरांनी १८८१ साली 'केसरी' काढला, म्हणजे सुरू केला. आणि काटा काढला म्हणजे बाहेर टाकला! मी उपसंपादक होते. 'कालची पत्रं काढून दे' आणि 'कालची पत्रं काढून टाक' हे मी दिवसभर ऐकायचे. पहिल्यात शोधून हातात द्यायची, दुसऱ्यात फेकायची. सगळा अर्थ 'दे' आणि 'टाक' वाहतात. घाईत कोणी एजंटला नुसतं 'कालच्या कमेंट काढ' म्हणालं तर त्याने काय करायचं?

घणसोलीचा
आमच्याकडे सातबाऱ्यावरचं नाव कोणी पुसत नाही, कंस करतात. वारस लागले की जुन्या नावाला कंस आणि त्याचा फेरफार क्रमांक. नाव वाचता येतं, पण चालत नाही. रेशनकार्डावरून नाव 'कमी' करतात, मतदार यादीतून 'वगळतात'. तीन कामं, तीन शब्द. तुमचं टूल नेमकं काय करतं ते सांगा, मग शब्द शोधू.

ऐरोलीकर
नेमकं बोट ठेवलंत. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. डिलीटची साधी विनंती गेली की कमेंट कचऱ्यात जाते. काही बदललं नसेल तर तिथे ३० दिवस राहते आणि परत आणता येते. त्याच विनंतीला 'फोर्स' (सक्ती) हा पर्याय जोडला की कायमची गेली. स्पॅम ठरवणं वेगळं, मंजुरी मागे घेऊन थांबवून ठेवणं वेगळं. एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला टूल्स जोडायच्या प्रमाण पद्धतीत, टूलवर 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल काही नष्ट करू शकतं अशी खूण) लावता येतो, पण तो नुसता इशारा; तो कोणाला अडवत नाही. अडवायचं काम परवानग्यांनी करायचं.

कोपरीचे मास्तर
मूळ रोग तुमच्या पहिल्या वाक्यात आहे. एजंट, टूल, कमेंट, डॉक्युमेंटेशन! अभिकर्ता, साधन, टिप्पणी, दस्तऐवजीकरण म्हणा. सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर'ही आधी लोकांना जड वाटले होते. आज ठाण्याच्या महापौराला कोणी मेयर म्हणत नाही.

वाशी मार्केट
मास्तर, अभिकर्ता विम्याच्या कागदावर छापलेला असतो, बोलण्यात कोणाच्या नसतो. आमच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये अडते आहेत. माल शेतकऱ्याचा, विकणार अडत्या. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याला याहून चपखल शब्द नाही.

नौपाडेकरीण
अडत्याला त्याची अडत मिळते, एजंटला काय मिळतं? मला 'मुखत्यार' आवडेल. मूळ अरबी 'मुख्तार', 'इख्तियार'च्याच कुळातला. 'कुल' म्हणजे सगळं, म्हणून कुलमुखत्यार सगळे व्यवहार करतो. इथे आपल्याला तोच नको आहे. ठरावीक कामापुरता खास मुखत्यार हवा.

कोपरीचे मास्तर
म्हणजे अरबी चालतं आणि संस्कृत टोचतं? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

घणसोलीचा
कोश झाला, तरी अर्ज, जामीन, वसूल, दस्त राहिलेच ना? तुमच्या 'दस्तऐवजीकरणा'तला दस्तऐवज फारसीच आहे. माझ्या आजोबांची जमीन सिडकोत गेली तेव्हा कागदांवरचे हेच शब्द आम्हाला कळत होते, म्हणून निदान भांडता तरी आलं. कळणारा शब्द आधी, शुद्ध नंतर.

कळवा खाडी
भाषांतर हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून सांगते. एकाच क्रियापदात दोन्ही कामं कोंबू नका. दोन टूल्स करा. पहिल्याचं वर्णन, 'कमेंट कचऱ्यात टाकते. परत आणता येते'. दुसऱ्याचं, 'कमेंट कायमची नष्ट करते. परत आणता येत नाही'. सरकारी दप्तरातही मुदत संपलेले कागद 'नष्ट'च करतात, तिथे शंकेला जागा नाही. आणि हे दुसरं टूल एजंटच्या हाती देऊच नका, ते संपादकाकडे राहू दे. 'वगळणे' मात्र टाळा. वगळलेली कमेंट मोजणीत धरली नाही की साइटवरून गेली, हे कळत नाही.

ऐरोलीकर
दोन टूल्सचं सहकाऱ्याला पटेल. 'हटवते'वरून तो हटेल असं वाटत नाही. आणि 'कचऱ्यात टाकते' संपादिकेला खटकतंय. वाचकाने मनापासून लिहिलेलं असतं, त्याला कचरा का म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. 'बाजूला काढते' सुचलं, तर त्यात पुन्हा 'काढणे' आलं.

घणसोलीचा
'कंस करते' लिहा की.

कळवा खाडी
मॉडेल खरोखरचे कंस टाकेल आणि कमेंट तशीच दिसत राहील.

कोपरीचे मास्तर
कमेंट नव्हे, टिप्पणी. 'टिपणे'वरून आलेला सरळ शब्द आहे.

नौपाडेकरीण
मास्तर, 'टिपणे'वरून टिपण. कचेरीत फायलीवर लिहितात ती टिपणी. टिप्पणी म्हणजे ग्रंथावरचं भाष्य, ती संस्कृतातून थेट आली. उलट 'टिपणे'च तिच्यावरून आलं असेल. बातमीखाली 'अगदी बरोबर' एवढंच लिहिलं तर ती यांतली कुठली?

वाशी मार्केट
तो शेरा.