न्यू फ्रान्समधली जुनी पत्रं: घरची कुठली, धंद्याची कुठली, कसं ठरवायचं?

इतिहासवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात इतिहासात एमए करतेय, दुसरं वर्ष. डेझर्टेशनला विषय घेतलाय कॅनडाच्या सुरुवातीच्या वसाहतीतला पत्रव्यवहार, म्हणजे क्वेबेक-माँट्रियल फ्रेंचांकडं होतं आणि त्याला न्यू फ्रान्स म्हणायचे तेव्हाचा, साधारण १६३९ ते १७६०. हा विषय कशाला घेतलास असं घरीदारी सगळे विचारतात, पण बरीच पत्रं इंग्रजी भाषांतरात वाचायला मिळाली आणि एकदा हातात घेतली की सोडवतच नाहीत.

अडचण अशी की गाइड सरांनी दोन प्रकरणं पाडायला सांगितलीत, एक कौटुंबिक पत्रं आणि एक व्यापारी पत्रं. पण ती पडतच नाहीत! मारी द लँकार्नासिओं ही उर्सुलाइन नन (उर्सुलाइन हा कॅथलिक जोगिणींचा एक पंथ) घ्या. १६३१ ला ११ वर्षांच्या पोराला मागं ठेवून मठात गेली, १६३९ ला क्वेबेकला आली आणि १६७२ ला वारली तोपर्यंत त्या पोराला पत्रं लिहीत राहिली, भेट पुन्हा कधीच झाली नाही. म्हणजे घरचीच पत्रं ना? पण १६५० च्या डिसेंबरात मठ जळाला तेव्हा तो परत उभा कसा करायचा, पैसा कुठनं आणायचा, कर्ज किती होईल, हे पण ती पोरालाच लिहितेय. मग हे कुठल्या प्रकरणात टाकू?

आणखी दोन गोष्टी. बहुतेक पत्रांवर तारखा ऑगस्ट ते नोव्हेंबरच्याच का असतात? आणि एकच पत्र दोनदोन वेळा का सापडतं? कुणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा.

जुनं_दप्तर

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, सेंट लॉरेन्स नदीत. ही नदी हिवाळ्यात गोठते. फ्रान्सची जहाजं उन्हाळ्यात क्वेबेकला लागायची आणि ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत परत सुटायलाच पाहिजेत, नाहीतर बर्फात अडकणार. त्यानंतर थेट पुढच्या वसंतापर्यंत फ्रान्सशी जवळपास काही संबंध नाही. म्हणजे वर्षभराचं जे काय सांगायचं, मागायचं, रडायचं ते सगळं त्या दोन-तीन महिन्यांत कागदावर उतरवायचं, म्हणून तारखा तशा.

आता व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. ऑक्टोबरात तो फ्रान्सला लिहितो की पुढच्या वर्षी कापड एवढं, तांब्याची भांडी एवढी, ब्रँडी एवढी पाठवा. माल येणार पुढच्या उन्हाळ्यात, तोवर बीव्हर या केसाळ प्राण्याच्या कातड्याचा भाव काय असेल देव जाणे. माल चुकीचा आला तर तक्रार करायची परत ऑक्टोबरात, तिचं उत्तर त्याच्या पुढच्या वर्षी. असा धंदा ओळखीवर आणि शब्दावरच चालणार, त्यामुळं पलीकडच्या टोकाला भाऊ, मेहुणा, पुतण्या नाहीतर निदान अगदी खात्रीचा माणूस लागतो. मग मालाच्या यादीखाली कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं हे येणारच, कारण वाचणारा माणूस तोच आहे.

नाण्यांचं पण तसंच. १६८५ ला सैनिकांचा पगार द्यायला रोकड नव्हती, तेव्हा इंटेंडंट (म्हणजे वसाहतीचा कारभार बघणारा राजाचा अधिकारी) जाक द मेल यानं खेळायच्या पत्त्यांवर रक्कम लिहून सही करून तेच पैसे म्हणून वाटले. पुढं असे कागदी पैसे शरद ऋतूत जहाजं सुटायच्या आधी जमा करून त्यांच्या बदल्यात फ्रान्सच्या खजिन्यावरच्या हुंड्या घ्यायचे लोक. १७५९ च्या ऑक्टोबरात फ्रान्सनं त्या हुंड्यांचं पेमेंट थांबवलं, त्याच्या महिनाभर आधी क्वेबेक इंग्रजांकडं गेलेलं. तेव्हाची पत्रं मिळाली तर आवर्जून वाचा, आई मुलाला लिहिते आणि व्यापारी भागीदाराला लिहितो त्यात काळजी एकच असते.

एकच पत्र दोनदा सापडतं कारण ते मुद्दाम दोनदा पाठवलेलं असतं. एक जहाज बुडलं किंवा शत्रूनं पकडलं तर दुसऱ्या जहाजातली प्रत तरी पोचावी म्हणून. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा, दुसरीत कधीकधी खाली चार ओळी जास्तीच्या असतात आणि खरी बातमी त्यात असते.

पेठेतलं_कापड

मी इतिहासाचा नाही, आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आजोबांची पोस्टकार्डं आमच्याकडं अजून तशीच तारेला टोचून ठेवलेली आहेत, मधोमध भोक आणि कडा पिवळ्या. वर श्री, मग वि. वि., मग सुताच्या गाठी मिळाल्या, चादरींचा भाव अमुक, राहिलेली रक्कम पंचमीच्या आत पाठवणे, आणि जागा संपत आली की अक्षर बारीक करून कडेनं उभं लिहिलेलं, की ताई बाळंत झाली, मुलगा आहे, काळजी नसावी. हे कार्ड दुकानाचं का घराचं हे आमच्याकडं कुणी कधी विचारलंच नाही. तुम्ही सरांना असं एखादं कार्ड दाखवा बघा, सोलापुरात जुन्या पेठांत घरोघरी मिळतील.

जुळे_सोलापूरची_वाचक

वरच्या दोघांचं पटतं, पण सगळंच एकत्र असतं असं नाही हं. हडसन्स बे कंपनी बघा, हडसन उपसागराकडं कातड्यांचा व्यापार करणारी इंग्रजांची कंपनी, १६७० ची सनद. लंडनची कमिटी दरवर्षी जहाजाबरोबर उपसागरावरच्या ठाण्यांना पत्र धाडायची, त्यात माल, हिशोब, हुकूम, बस्स. ते दप्तर आज विनिपेगला आहे. त्याच कंपनीच्या माणसांना घरच्यांनी लिहिलेली पण माणूस मेल्यामुळं, बदली झाल्यामुळं, नोकरी सोडल्यामुळं पोचू न शकलेली पत्रं पण तिथंच जपलीत, १८३० ते १८५७ ची. काळ तुमच्या नंतरचा आहे, पण तिथं घरचं आणि कंपनीचं खरंच वेगळं पडतं, कारण मालक परका आहे. म्हणजे फरक पडतो तो धंदा कुणाचा आहे यानं, असं मला वाटतं.

तुमच्या काळातल्या दोन बायका सोडू नका. एलिझाबेथ बेगों, माँट्रियलची. नवरा १७४८ ला वारला आणि त्याच वर्षी तिनं लुईझियाना या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत असलेल्या जावयाला लिहायला सुरुवात केली. जहाज सुटायची वाट न बघता हिवाळ्यात रोजच्या रोज वहीत लिहायची, नाचगाणी, पाद्र्यांचा राग, नातीचा अभ्यास, आणि सरकारी नेमणुकांच्या आतल्या बातम्या पण. दुसरी क्वेबेकची मारी-आन बार्बेल, १७४५ ला नवरा गेल्यावर त्याचा व्यापार तिनं स्वतः चालवला.

आणि गालाते जहाजाची पत्रं वाचा हात जोडून सांगते. १७५८ च्या एप्रिलमध्ये हे फ्रेंच जहाज बोर्दोहून क्वेबेकला जाताना इंग्रजांनी पकडलं. खलाशांना घरच्यांनी लिहिलेली शंभरेक पत्रं टपालानं बंदराबंदरात फिरली, जहाज गाठता आलं नाही, शेवटी लंडनला जाऊन पडली आणि त्यातली बरीच आता आत्ता केंब्रिजच्या एका प्राध्यापकांनी उघडली, २०२३ ला छापून आलं. एका ६१ वर्षांच्या आईची तक्रार आहे की मुलगा होणाऱ्या बायकोला लिहितो, मला नाही. आणि त्या मुलीचं पण पत्र आहे, की बाबा रे आईला लिही, मला अवघड होतंय!

इतिहासवाली_सोलापूर

खूप खूप आभार सगळ्यांचे. दप्तरवाले काका, नदीचं डोक्यातच नव्हतं आलं. आता सरांना असं सुचवणार आहे की पहिलं प्रकरण जहाज सुटायच्या हंगामावर आणि दुसरं ताईंनी सांगितलं तसं धंदा कुणाचा यावर. पेठेतले दादा, तारेवरच्या एखाद्या कार्डाचा फोटो वापरला तर चालेल का? नावं झाकून.

पेठेतलं_कापड

चालेल की. रविवारी दुकान बंद असतं, सरांनाच घेऊन या, तार उतरवून ठेवतो.