भंगारातला चिपर वावरात आणावा का?

धुरकरी
राजेहो, माझं म्हणणं सरळ आहे. थोडा संत्रा, बाकी कपाशी-तूर. दरवर्षी बागेतली सल काढली की वाळक्या फांद्यांचा ढीग पडतो, वर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. हे सगळं धुऱ्यावर पेटवून द्यायचं अन् मग शेणखताची ट्रॉली विकत आणायची, हा धंदा मला पटत नाही. पऱ्हाटी तशीच उभी ठेवावी तर गुलाबी बोंडअळी वाळल्या बोंडांत मुक्काम ठोकते. महाडीबीटीवर श्रेडरचा (पऱ्हाटीचा चुरा करणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराचा) अर्ज टाकलेला आहे, नंबर लागत नाही.

म्हणून घरचाच चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारी मशीन, करतोय. 16 इंची गोल प्लेट, 20 मिमी जाड. ट्रकच्या कमानपाट्याची दोन पाती. बंद पडलेल्या चक्कीची साडेसात एचपीची मोटर, 1440 आरपीएमची. "धोका, धोका" म्हणणारे आता येतीलच. त्यांनी आधी पर्याय सांगावा.

लेथवाला
करू नका म्हणत नाही, पण याला कडबा कुट्टीचा भाऊ समजू नका. तुमच्या मापाची प्लेट जवळपास 20 किलोची होते. 1440 वर तिच्या कडेचा वेग ताशी 110 किलोमीटर. तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा सात मजल्यांवरून सोडला तर जमिनीवर जेवढ्या जोरानं आदळेल, तेवढी ताकद त्या प्लेटमध्ये साठलेली असते.

आता कमानपाटा. पोलाद चांगलं आहे, धार धरतं. पण त्याला वेल्डिंग मारलं की टाक्याच्या शेजारची जागा ठिसूळ होते. टाका वरून देखणा, आत बारीक भेग. पातं वेल्ड करायचंच नाही, बोल्टनं बसवायचं. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा छापलेला पाहिजे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला), अन् पातं काढलं की नट नवा. गावात बहुतेक लोक भंगाराच्या डब्यातून "बसतो तो" बोल्ट घेतात. पातं सुटून निघालं तर कूलरचा पत्रा त्याला अडवत नाही, म्हणून प्लेटवरचं झाकण जाड पत्र्याचं लागेल.

सालदाराचा पोरगा
लेथवाले भाऊ, तुम्ही मशीन कशी तुटते ते सांगून राह्यले. मशीन न तुटता माणूस कसा जाते, ते मी सांगतो.

दोन पाती, एका फेऱ्यात प्रत्येकी 8 मिमी लाकूड कापते असं धरा. 1440 ला सेकंदाचे 24 फेरे. म्हणजे फांदी सेकंदाला 38 सेंटीमीटर आत ओढल्या जाते. संत्र्याचे पानसोट, म्हणजे सरळ वाढलेल्या फुटी, काटेरी. काटा बाहीत अडकला, अन् हॉपर, म्हणजे फांद्या टाकायचं तोंड, हातभर असला, तर सोडू म्हणेपर्यंत कोपर आत. बटण बंद करून काय होते? लाईट गेली तरी प्लेट फिरतच राह्यते.

थ्रेशरमध्ये हात गेलेली माणसं आपल्या गावागावांत हायेत. त्याच्यासाठी 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, त्यात मळणी यंत्राचं नाव घेऊन मजुराच्या भरपाईची तरतूद हाये. थ्रेशरच्या भारतीय मानकात हॉपर निदान 90 सेंटीमीटर लांब अन् त्यातला 45 वरून झाकलेला सांगतला. धुरकरीभाऊ, तुमच्या पोस्टीत पाती आली, मोटर आली. हॉपर काऊन नाही आला?

धुरकरी
हॉपर लावणारच आहे, लिहायचा राहिला. पण कंपनीचा शिक्का म्हणजे सुरक्षा हेही खरं नाही. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली. ती औषधं काय लोहारानं घरी बनवली होती? छापील लेबल होतं, सूचना होत्या. आपल्याकडची अर्धी अवजारं गावच्या वेल्डिंगवाल्यानंच घडवली आहेत. अन् चिपरमध्ये फांद्या मी स्वतः टाकणार. मजुराला हात लावू देणार नाही.

सालदाराचा पोरगा
यवतमाळात पंप कोणाच्या पाठीवर होता, तेही लिहा ना मंग. बरेचसे रोजानं फवारणारे होते.

तुम्ही स्वतः टाकाल, पहिला आठवडा. मंग लग्नसराई येईन, तालुक्याचं काम निघन, अन् म्हणाल, "एवढा ढीग संपवून टाक रे." तुमच्या हाताला काही झालं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून एका हाताचे 1 लाख भेटतीन, कारण सातबाऱ्यावर तुमचं नाव हाये. ज्याचा सातबाराच नाही त्यानं कोणाच्या दारी जावं? घरच्या मशीनीला ना बिल, ना कंपनी. सारा दोष "त्याचंच लक्ष नव्हतं" म्हणून त्याच्यावरच.

थ्री फेज
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. मोटर कुठून चालवणार? वावरात म्हणजे विहिरीच्या पंपाच्या पेटीतूनच. अन् तिथं बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेला असतो, रात्री लाईन आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून. पंपासाठी ठीक. पण चिपर त्यावर जोडला, लाईन गेली, फांदी अडकली म्हणून तुम्ही झाकण उघडून हात घातला, अन् तेवढ्यात लाईन आली, तर?

चिपरला वेगळा स्टार्टर पाहिजे, नो-व्होल्ट कॉइलवाला. लाईन गेली की तो पडतो अन् माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही. झाकण उघडायच्या आधी मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालवू म्हणाल तर तोही 540 वर सेकंदाला 9 फेरे घेतो, शाफ्टवर कव्हर नसेल तर दुपट्टा सोडत नाही.

कापूसवेचणी
दुपट्टा आता निघाला का विषयात! ढीग उपसून मशीनीजवळ आणून देणाऱ्या बायाच असतात, अन् पदर पट्ट्याजवळच असतो. आणखी एक. तुराट्या-पऱ्हाटी तुम्हाला कचरा दिसते, आमची चूल त्यावर पेटते. सिलिंडर भरायला दरवेळी पैसे नसतात. साऱ्याचा चुरा करणार असाल तर आधी मोळ्या बांधून नेऊ द्या.

वरुडकडचा
धुरकरीभाऊंनी पर्याय मागितला होता, तो असा. पऱ्हाटीसाठी चिपर लागतच नाही, ट्रॅक्टरचा श्रेडर भाड्यानं आणून उभ्या पिकातच फिरवा. चिपरचं खरं काम फक्त संत्र्याच्या फांद्यांना. तेवढ्यासाठी पाच-सहा बागाइतदारांनी मिळून एक पक्की मशीन घेतली तर काय बिघडलं? (एकत्र येणं आपल्याकडं मशीनीपेक्षा अवघड आहे, हे मलाही माहीत आहे.)

चुरा केलाच तर झाडाच्या खोडाला टेकवू नका, ओल धरून डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो. खोडापासून दूर पसरा, कुजायला शेणकाला टाका.

धुरकरी
ऑटो स्विचचं डोक्यात नव्हतं, तो काढतो. मोळ्या न्या, त्याला ना नाही. पण पाच-सहा जणांची भागीदारी मी पाणी-पाळीत पाहून बसलोय, ते नको. चिपर मी करणारच. लेथवाले भाऊ, प्लेट बॅलन्स करून द्यायचे किती घेता?

लेथवाला
हॉपर आधी करून आणा, 90 च्या वर. टेप घेऊन मोजीन, मग प्लेट लेथला लावीन. पैशाचं नंतर पाहू.

धुरकरी
एवढा लांब केला तर आखूड फांद्या आत जाणार कशा? 60 चालन का?

सालदाराचा पोरगा
लांब दांड्यानं ढकला. लाकडाचा दांडा, लोखंडाचा नाही.

लेथवाला
60 चालणार नाही.