गच्चीवरच्या वायरी कुणाकुणाच्या?

(हिंदवाडी, बेळगाव. अपार्टमेंटचा ग्रुप)

सेक्रेटरी काका: नमस्कार. सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग. टाकीजवळ केबलच्या वायरींचं जाळं झालंय, गवंडी पाय ठेवायला तयार नाही. कुणाची केबल अजून चालू हाय ते सांगा, बाकीच्या कापतो.

२०४: आमची कापा काका. स्मार्ट टीव्हीवर सगळं येतंय.

१०३ वहिनी: आमची नको बाई. टीव्ही नवीनच हाय, पण लावला की आधी ‘कोण बघणार’ म्हणून विचारतोय. सासूबाई म्हणतात, मीच बसलेय की समोर! रिमोटवर कंपन्यांची चार बटणं, आकड्याचं एक नाही.

२०२ अक्का: आमचं पण ठेवा री. कन्नड चॅनल सगळं पॅकमध्येच येतंय.

१०३ वहिनी: तुमचं येतंय हो अक्का. मराठी आम्ही केबलवाल्याच्या मागं लागून वेगळं जोडून घेतलंय.

३०१ (सध्या बेंगळूर): वहिनी, त्या बटणांसाठी ओटीटीवाले, म्हणजे नेटवरनं सिनेमे-मालिका दाखवणारे, टीव्ही कंपन्यांना पैसे मोजतात. सगळं भांडण तेच, टीव्ही लावल्या लावल्या पहिलं तोंड कुणाचं दिसायचं.

४०२ आबा: बातम्यांचं दिसू दे. माझी दुसरी अपेक्षा नाही.

३०१: आबा, टीव्हीत शिरताना कॉम्प्युटर-नेटवाल्या मोठ्या कंपन्या सुरुवातीला चांगल्या आपटल्यात. मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये वेबटीव्ही घेतला, सुमारे ४२.५ कोटी डॉलरला. टीव्हीवर ईमेल वाचायची म्हणे. २०१० मध्ये टीव्हीवर नेट दाखवणारा गूगल टीव्ही आला, तर एबीसी, सीबीएस, एनबीसी या अमेरिकन चॅनलवाल्यांनी वेबसाइटवरचे आपले कार्यक्रम त्याच्यावर बंदच करून टाकले. लॉजिटेक कंपनीनं त्याचा टीव्हीला जोडायचा २९९ डॉलरचा डबा काढला होता. ९९ वर आणला, पण एकूण नुकसान १० कोटी डॉलरच्या वर गेलं.

२०४: म्हणजे भांडं नवं, आत आमटीच नाही.

३०१: तसंच. २०१३ ला गूगलचाच ३५ डॉलरचा क्रोमकास्ट आला, टीव्हीला लावायचा आणि फोनवरनं चालणारा, तिथनं गाडी रुळावर आली. आपल्याकडं तर थेट क्रिकेटवरच उडी. २०१७ मध्ये फेसबुकनं आयपीएलच्या डिजिटल हक्कांसाठी ३,९०० कोटी रुपयांची बोली लावलेली. पण स्टारनं टीव्ही-डिजिटल सगळं मिळून १६,३४७.५ कोटींत उचललं. २०२३ ला जिओसिनेमानं मॅच फुकट दाखवल्या. आता जिओसिनेमा आणि स्टारचं हॉटस्टार दोन्ही एकच, जिओहॉटस्टार.

सेक्रेटरी काका: लेक्चर झकास. नंबर टाका, नंबर.

१०३ वहिनी: फुकट दाखवून परवडतंय कसं पण त्यांना?

३०१: जाहिराती, आणि आपण काय बघतो त्याची माहिती. अमेरिकेत विझिओचे टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते टिपून पाठवायचे, लोकांना धड न सांगता. १ कोटी १० लाख टीव्ही! २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटवलं. तीच कंपनी २०२४ मध्ये वॉलमार्टनं २.३ अब्ज डॉलरला घेतली, तिच्या जाहिरातींच्या धंद्यावर डोळा ठेवून. नवा टीव्ही असंल तर सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

१०३ वहिनी: सासूबाई विचारतात, मी मालिका बघून रडते ते पण तिकडं दिसतंय काय?

३०१: नाही हो आजी, कुठली मालिका तेवढंच कळतंय.

४०२ आबा: ते केबलवाल्याला कधीपासनं माहीत हाय. साडेसातला लाईन गेली की पहिला फोन यांचाच.

१०३ वहिनी: 😄 आबा!

सेक्रेटरी काका: बरं. १०३, २०२, ४०२ ठेवतो. २०४ कापतो. नक्की?

२०४: नक्की.

सेक्रेटरी काका: एक मिनिट. तुमचं वायफाय कुणाचं?

२०४: आपल्याच केबलवाल्याचं.

सेक्रेटरी काका: मग कापू कुठली?

२०४: थांबा थांबा! जाड काळी कापा. पातळ ती नेटची… पण पातळ पण काळीच हाय वाटतं. संध्याकाळी वर येऊन बघतो, तोवर हात लावू नका.

४०२ आबा: येताना फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्या आण. आणि चिकटपट्टी.